दुसऱ्या मजल्यावरची मदत

गोलकाका अंगाने काडीसारखे होते, पण त्यांच्या कारखान्यात शाळेसाठी पृथ्वीचे गोल बनत, म्हणून सगळी गल्ली त्यांना गोलकाका म्हणायची. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. गोलकाकांची कशाबद्दलच तक्रार नसायची, आणि या गोष्टीतला निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो. न्हाव्याने विचारलं, "केस बारीक करू का?" तर ते म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." आणि त्याने विचारलं, "की राहू देऊ?" तरी ते म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." मग न्हावी त्याच्या मनाला येईल तसं करायचा आणि गोलकाका त्याला पैसे देऊन घरी यायचे.

पृथ्वीचा गोल कसा बनतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून आधी सांगायला हवं. कागद असतो चपटा आणि पृथ्वी असते गोल. चपटा कागद चेंडूवर चिकटवून बघा, चुण्या पडल्याशिवाय राहायच्या नाहीत. म्हणून नकाशा छापतानाच लांबट होडीच्या आकाराच्या पाकळ्यांमध्ये छापतात. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल जोडायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, तो वाळला की एकेक पाकळी खळीत भिजवून मधल्या रेषेपासून दोन्ही टोकांकडे दाबत न्यायची. शेवटी दोन्ही ध्रुवांवर एकेक गोल टिकली, तीही खळीत भिजवून. प्रत्येक पाकळी शेजारणीला नेमकी भिडली पाहिजे. नाहीतर एखाद्या नदीचा उगम एका देशात आणि बाकीची नदी चार बोटं खाली, असं होऊन बसतं.

हे चिकटवण्याचं काम गोलकाकांची मोठी बहीण करायची. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काच्या हाताखालून गेलेल्या गोलावर शिवण शोधून सापडत नसे. हिशेब सूनबाई सांभाळायची. मुलगा जहाजावर नोकरीला होता. घरातल्यांनी जी पृथ्वी चिकटवली ती तो प्रत्यक्ष फिरून बघत होता आणि अधूनमधून फोन करून सांगत होता की सगळं जागच्या जागी आहे. कारखाना म्हणजे खालची एक लांबट खोली, मागे कोठार, आणि वरच्या मजल्यावर घर.

काही वर्षांपूर्वी गोलकाका अर्धगोल दाबायचं एक छोटं यंत्र घेण्यासाठी बँकेत कर्ज मागायला गेले होते. तिथल्या मॅनेजरने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "एवढ्याशा यंत्राने काय होतंय, काका? घ्यायचंच तर मोठं घ्या. कर्ज आम्ही देतो, कारखाना आणि घर तारण ठेवा, झालं."

"बरोबर आहे तुमचं," गोलकाका म्हणाले.

मोठं यंत्र आलं. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. यंत्र भराभर गोल टाकायचं, कारागीर लेप द्यायचे, अक्का आणि तिच्या हाताखालच्या बाया पाकळ्या लावायच्या, कोठार भरायचं आणि रिकामं व्हायचं. मग कुठल्या तरी दूरच्या देशाचे दोन देश झाले. तिकडे लोकांनी मिरवणुका काढल्या, एकमेकांच्या गळ्यात पडले. इकडे गोलकाकांच्या कोठारातल्या भिंतभर पृथ्व्या एका दिवसात शिळ्या झाल्या. जुना नकाशा कुठली शाळा घेणार? मागण्या रद्द झाल्या. नव्या पाकळ्या छापायच्या तर पैसे हवेत, आणि पैसे तर त्या शिळ्या पृथ्व्यांमध्ये अडकलेले. एक हप्ता थकला, मग दुसरा. कारागीर कमी करावे लागले. शेवटी बँकेचं पत्र आलं.

सूनबाईने ते मोठ्याने वाचलं. खातं तळमजल्यावरून काढून दुसऱ्या मजल्यावरच्या उद्योग आधार विभागाकडे सोपवलं होतं. "या कठीण काळात आपल्या पाठीशी उभे राहण्यास आम्ही उत्सुक आहोत," असा पत्राचा शेवट होता.

"बघ, किती चांगली माणसं," गोलकाका म्हणाले.

"पाठीशी उभा असलेला माणूस काय करतोय ते आपल्याला दिसत नाही, बाबा," सूनबाई म्हणाली.

बँकेचा तळमजला म्हणजे नुसता बाजार होता. रांगा, टोकन, पेनाला दोरी बांधलेली. दुसरा मजला वेगळाच निघाला. जमिनीवर जाड गालिचा, त्यामुळे स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता, आणि आपण आलोत की नाही अशी माणसाला शंका यावी इतकी शांतता. तिथे एका काचेच्या खोलीत आधार विभागाच्या मॅडम बसल्या होत्या. वयाने सूनबाईएवढ्याच, नाक लाल झालेलं, समोर कागदी रुमालांचा डबा. थंड हवेच्या यंत्राचा झोत थेट त्यांच्या डोक्यावर येत होता आणि त्यांना वर्षभर सर्दी असावी असं दिसत होतं.

मॅडमनी कर्जाची पुनर्रचना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते बरंच लांबवलं, पण खरं तर गोष्ट साधी आहे. घास मोठा झाला आणि गिळता येईना, तर तो मोडून लहान करायचा. हप्ता कमी, मुदत जास्त, मध्ये थोडे महिने विश्रांती. घरात पोराचा घास आई बोलता बोलता मोडते. बँकेत मात्र घास मोडायलासुद्धा समिती बसावी लागते.

"पण एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्योग अडचणीत असला पाहिजे. आणि बुडणारा नसला पाहिजे."

"आमचा अगदी तसाच आहे," सूनबाई म्हणाली.

"ते तुम्ही नाही ठरवायचं. पाहणीत ठरेल. मी स्वतः येईन." मॅडम शिंकल्या. "पाहणीचं शुल्क तुमच्या खात्यात नावे पडेल."

"म्हणजे तुम्ही आमच्याकडे येणार, त्याचे पैसे आम्ही द्यायचे?"

"हो. विभागाचा नियम आहे."

"आणि आज आम्ही तुमच्याकडे आलो त्याचे?"

"ही ओळखीची भेट आहे," मॅडम म्हणाल्या. "तिचं शुल्क कमी असतं."

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. गोलकाका मान डोलावत होते.

आता अक्काचा स्वभाव सांगितला पाहिजे. घरात काय वाटेल ते होवो, बाहेरच्याला ते दिसता कामा नये, हा तिचा आयुष्यभराचा कायदा. लहानपणी गोलकाका झाडावरून पडले आणि हात मोडला, तेव्हा वैद्याकडे न्यायच्या आधी तिने त्यांचे केस विंचरले होते. बँकेची बाई येणार म्हटल्यावर अक्काने पदर खोचला.

"अक्का, त्या आपली अडचण बघायला येणार आहेत," गोलकाका जरा चाचरत म्हणाले.

"अडचण म्हणजे काय उकिरडा? लोक म्हणतील, ही असली माणसं, यांना कर्ज कुणी दिलं?"

"बरोबर आहे तुझं."

मग काय विचारता. खिडक्यांच्या काचा पुसल्या. यंत्राला तेल पाजलं. घरी बसवलेल्या जुन्या कारागिरांना अक्काने निरोप धाडले, आणि ते बिचारे तिच्या शब्दाखातर धुतलेले कपडे घालून कामावर हजर झाले. तेवढ्यावर ती थांबती तर ठीक होतं. पण कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या होत्या, आणि रिकामी फळी अक्काला बघवत नव्हती. तिने कोठार उघडलं, सगळ्या शिळ्या पृथ्व्या बाहेर काढल्या, पुसून लखलखीत केल्या आणि ओळीने मांडल्या. प्रत्येक पृथ्वी अशी वळवून ठेवली की तो फुटलेला देश भिंतीकडे.

मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. एका खोलीत एवढ्या पृथ्व्या त्यांनी कधी पाहिल्या नसाव्यात. यंत्र धडधडत होतं, कारागीर लेप देत होते, बाया मान खाली घालून पाकळ्या लावत होत्या. मॅडमनी फळ्यांवरचे गोल मोजले.

"हा सगळा माल तयार आहे?" त्यांनी विचारलं.

"अगदी तयार," अक्का म्हणाली. "शेवटचा हातसुद्धा फिरवून झालाय."

"पाठवायचा आहे?"

"पाठवायचाच असतो की माल."

मॅडमनी गोलकाकांकडे पाहिलं. गोलकाकांना खरं सांगायचं होतं, पण पाहुण्यांसमोर मोठ्या बहिणीला खोटं पाडायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने खून पाडण्यासारखंच होतं. त्यांनी मान डोलावली. सूनबाई नेमकी तेव्हा चहा आणायला वर गेली होती. अक्कानेच तिला धाडलं होतं.

थोड्या दिवसांनी बँकेचा निकाल आला. उद्योगाची प्रकृती उत्तम. तयार माल भरपूर. सबब पुनर्रचनेची गरज नाही, थकलेले हप्ते ताबडतोब भरावेत. आणि प्रकृती इतकी उत्तम असूनही हप्ते थकतात, यावरून व्यवस्थापनात दोष असला पाहिजे. तो शोधण्यासाठी एक सल्लागार नेमण्यात येत आहे. त्यांचं मानधन ग्राहकाने द्यावं.

"उत्तम म्हणाले," अक्का म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

सल्लागार आले ते मंद हसत. बोलणं मऊ, बूट चकचकीत. बोलताना हाताशी असेल तो गोल गरगर फिरवायची त्यांना सवय होती, त्यामुळे ते गेल्यावर फळीवरच्या पृथ्व्या बराच वेळ फिरत राहायच्या. वाईट माणूस नव्हता. शीतपेयाच्या कारखान्यात, पलंगाच्या गाद्यांच्या कारखान्यात, सगळीकडे त्यांनी सल्ला दिला होता, आणि सगळीकडे तो सारखाच होता: जे जास्त लागतं ते कमी करा. इथे काय जास्त लागतं ते त्यांनी आठवडाभर शोधलं.

"निळी शाई," ते म्हणाले. "तुमच्या छपाईत सगळ्यात जास्त खर्च निळ्या शाईचा आहे."

"समुद्र आहे ना तो," गोलकाका म्हणाले.

"असू दे ना. पण इतका गडद कशाला? समुद्र फिका करा."

"बरोबर आहे तुमचं."

"आणि हे गोल सगळे वाकडे का बसवलेत? दांडी तिरकी आहे. सरळ बसवलात तर खोका लहान लागेल. वाहतूक वाचेल."

गोलकाकांनी तोंड उघडलं, पण पलीकडच्या टेबलावरून अक्का पाकळीवरची नजर न काढता म्हणाली, "सरळ बसवा की. मग ऋतू कुठून आणायचे ते साहेबांनाच विचारा."

सल्लागार समजूतदारपणे हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो ऋतूंचा खर्च असावा.

महिनाअखेरीस त्यांचं बिल आलं. त्याबरोबर विभागाचं पत्र, त्यात पाहणीचं शुल्क, अहवाल लिहिण्याचं शुल्क आणि अहवाल लिहून झाल्याचं कळवण्याचं शुल्क. सूनबाईने सगळं समोर घेतलं, आकडे दोनदा तपासले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"बाबा, इकडे या. आत्या, तुम्हीसुद्धा," ती शेवटी म्हणाली. "नीट ऐका. शाळांची पत्रं आलीत. नव्या नकाशाचे गोल कधी देता म्हणून विचारतायत. तो देश फुटल्यापासून सगळ्यांचेच गोल जुने झालेत, तेव्हा सगळ्यांनाच नवे हवेत. शाळा उघडायच्या आत दिले तर हे वर्ष निघेल आणि हप्तेही सुरू करता येतील."

"मग देऊ की," अक्का म्हणाली.

"नव्या पाकळ्या छापायला छापखाना आगाऊ पैसे मागतोय. तेवढे आहेत आपल्याकडे. जेमतेम तेवढेच." तिने बिलावर बोट ठेवलं. "आणि मदतीचं बिलही जेमतेम तेवढंच आहे. यांना दिले तर पाकळ्या नाहीत. पाकळ्या नाहीत तर गोल नाहीत. गोल नाहीत तर शाळा दुसरीकडे जातील, आणि मग खालचा कारखाना आणि वरचं घर, दोन्हीला बँकेचं कुलूप. ही मदत आणखी दोन महिने चालली तर आपण वाचत नाही, बाबा."

"मुदत मागू त्यांच्याकडे."

"कशाच्या जोरावर? कागदोपत्री आपण ठणठणीत आहोत."

कुणीच अक्काकडे पाहिलं नाही, आणि तेच अक्काला जास्त लागलं.

"मी खोटं एक अक्षर बोलले नाही," ती म्हणाली.

"नाही, आत्या. पृथ्व्याच तेवढ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या."

अक्काने खळीचं भांडं उगीच ढवळलं. "मग आता काय, बँकेत जाऊन सांगायचं का, की आम्ही नाटक केलं? आपली शोभा आपणच करायची?"

सगळ्यांना वाटलं, आता गोलकाका म्हणणार, बरोबर आहे तुझं. गोलकाकांनाही तसंच वाटलं. पण शब्द तोंडाशी आले आणि तिथेच थांबले. समोर यंत्र दिसत होतं, मोठं, तेल पाजलेलं, बंद. ते असंच कुणाचं तरी बरोबर म्हणता म्हणता घरात आलं होतं.

"जाऊन सांगतो," ते म्हणाले.

ते फळीपाशी गेले, एक शिळी पृथ्वी काढली, काखेत मारली आणि सूनबाईला म्हणाले, "चल."

दुसऱ्या मजल्यावर सल्लागार आधीच बसलेले होते. त्यांनी आणखी सहा महिन्यांच्या मदतीची योजना तयार करून आणली होती, आणि ती खरोखर देखणी होती. रंगीत रेघा सगळ्या वर चढत जात होत्या. मॅडमनी ती गोलकाकांसमोर सरकवली. "इथे सही करा, काका. मग मी समितीपुढे ठेवते."

"बरोबर आहे तुमचं," गोलकाका सवयीने म्हणाले.

सूनबाईने डोळे मिटले.

"पण नको," गोलकाका म्हणाले.

"काय नको?"

"ही मदत."

सल्लागारांनी हसू तसंच ठेवून विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?"

"म्हणजे, तुम्ही चांगलंच सांगता. समुद्राचं वगैरे. पण आम्हाला परवडत नाही." त्यांनी काखेतली पृथ्वी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि हळूच अर्धी फिरवली. "आणि मला हे दाखवायचं होतं. हा देश. आता याचे दोन झालेत. इथे एकच आहे."

मॅडमनी वाकून पाहिलं. मग सरळ बसल्या. "फळ्यांवरच्या बाकीच्या?"

"सगळ्या अशाच. शाळेच्या दृष्टीने त्यांना काही किंमत नाही."

"मी मोजल्या होत्या त्या."

"हो."

"मी अहवालावर सही केलीय, काका. माझ्या नावाने गेलाय तो वर."

"हो," गोलकाका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ते कारागीरही फक्त त्या दिवसापुरते बोलावले होते. चूक आमची. म्हणजे माझी. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो."

सल्लागार खाकरले. "तुमच्या लक्षात येतंय ना? ग्राहकाने बँकेची दिशाभूल केली, तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. करारात तसं आहे."

गोलकाकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. घराचा जिना, वरची खिडकी, अक्काचं टेबल, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. पण आता बोललेलं परत घेता येत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्यांना ते घ्यावंसंही वाटत नव्हतं.

मॅडमनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि ती पृथ्वी स्वतःकडे ओढली.

"का केलंत असं?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे येणार म्हणून आवरलं," गोलकाका म्हणाले. "आवरता आवरता जरा जास्त झालं."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "माझी आई अशीच आहे," त्या म्हणाल्या. "तीन दिवस तापाने फणफणते. डॉक्टर यायचे म्हटलं की उठते, वेणी घालते, पावडर लावून पलंगावर ताठ बसते. डॉक्टर म्हणतात, आजी छान आहेत, आणि फी घेऊन जातात. मग ती पुन्हा आडवी होते आणि मला म्हणते, डॉक्टरला काही कळत नाही."

सूनबाई हसली. हसू आवरेना म्हणून तिने पिशवीतून शाळांची पत्रं काढली आणि मॅडमपुढे ठेवली. त्याखाली छापखान्याचा दर, त्याखाली तिचा हिशेब. "हे आमचं खरं," ती म्हणाली. "विकण्याजोगा माल एका टेबलावर मावेल इतका. मागणी एवढी. शाळा पैसे देईपर्यंत हप्ता थांबवलात तर आम्ही देऊ शकतो. मदतीच्या बिलाचे पैसे आत्ता छापखान्याला गेले पाहिजेत, एवढंच."

सल्लागार म्हणाले, "मार्गदर्शनाशिवाय उद्योग सोडणं धोक्याचं आहे, मॅडम."

"आणि जप्त केला तर आपल्याला काय मिळेल?" मॅडमनी विचारलं. त्यांनी स्वतःच पेन घेऊन कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "एक जुनं घर, एक मोठं यंत्र आणि खोलीभर पृथ्व्या. या पृथ्व्या बँक ठेवणार कुठे? तुमच्याकडे?"

सल्लागारांनी योजना उचलून पिशवीत घातली. रंगीत रेघा तशाच वर चढत पिशवीत गेल्या.

"अहवाल मला नव्याने लिहावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "मोजणीत माझी चूक झाली असं लिहावं लागेल, आणि तुमच्याकडून माफीचं पत्र लागेल, तुमच्या अक्षरात. वरचे साहेब मला चार शब्द ऐकवतील, ते माझं मी बघते. पण उद्योग अडचणीत आहे आणि बुडणारा नाही, हे आता मला कळलं. तेवढं कळायलाच मी तुमच्याकडे आले होते खरं तर." त्या थांबल्या. "एक अडचण आहे. मदत बंद करा असा अर्ज या विभागाकडे आजवर कुणी केलेला नाही. तो कसा करायचा, मला विचारावं लागेल."

"त्याचं शुल्क असेल?" सूनबाईने विचारलं.

"असणार," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या.

शुल्क होतं, पण मोठं नव्हतं. समिती बसली, उठली, पुन्हा बसली. गोलकाकांनी माफीचं पत्र तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन्हींमध्ये त्यांनी बँकेचंच बरोबर आहे असं इतक्या वेळा लिहिलं होतं की माफी कशाची मागताय तेच कळत नव्हतं. शेवटी मंजुरी आली: मदत बंद, तिचं आजवरचं बिल कर्जात मिळवलं, शाळांचे पैसे येईपर्यंत हप्ता थांबवला, नंतरचा हप्ता लहान, मुदत जास्त. मोठं यंत्र विकून त्याचे पैसे कर्जात भरायचे, ही अट मात्र सुटली नाही. यंत्र मिळेल त्या किमतीला गेलं, आणि पुन्हा हाताने अर्धगोल दाबायचे म्हणून कारागिरांनी दोन दिवस तोंडं पाडली. शिळ्या पृथ्व्यांबद्दल मॅडमनीच सुचवलं की त्या सजावटीच्या दुकानांना द्या. दिवाणखान्यात ठेवणारे लोक सरहद्दी बघत नाहीत. अक्का त्यावर दिवसभर धुमसली. शोभेची पृथ्वी हे शब्द तिला गिळवत नव्हते. पण खोके तिनेच भरले, आणि एकाही गोलाला ओरखडा आला नाही.

नव्या पाकळ्या आल्या. समुद्र गडद निळा होता आणि दोन देश शेजारी शेजारी, वेगवेगळ्या रंगांत, थोडे अवघडल्यासारखे बसले होते. शाळा उघडायला फार दिवस नव्हते. सगळं घर कामाला लागलं.

अशा भर गडबडीत एका दुपारी मॅडम आल्या, न कळवता. मंजुरीनंतरची एक पाहणी राहिली होती. गोलकाका त्यांना बघून गडबडून उठले. जमिनीवर कागदाच्या कातरणांचा खच पडला होता, लेपाची बादली वाटेत होती, सूनबाईच्या नाकाला खडू लागला होता. अक्का खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, केसांचा अंबाडा कधीच सुटलेला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खळीत.

"अक्का, मॅडम आल्यात," गोलकाका म्हणाले आणि घाईघाईने झाडू शोधायला लागले.

"आल्यात ते दिसतंय," अक्का म्हणाली. "झाडू राहू दे. बसा हो कुठेतरी. मला शेवटची पाकळी लावायचीय, जरा कुणी बोलू नका."

मॅडम एका स्टुलावर बसल्या. शेवटच्या पाकळीत सगळी परीक्षा असते. आधीच्या प्रत्येक पाकळीने केसभर जागा चोरली असेल, तर ती सगळी उधारी इथे दिसते. अक्काने ओली पाकळी उचलली, मधल्या रेषेवर टेकवली आणि अंगठ्याने हळूहळू वर नेत गेली. गोलकाकांनी श्वास धरला, सूनबाईने धरला, आणि बँकेनेही धरला. पाकळी बसली. दोन्ही बाजूंनी, नदीला नदी मिळून, अलगद.

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पिशवीतून वही काढली. "आता लिहू का, मावशी?"

"लिहा की, जे दिसतंय ते लिहा," अक्का म्हणाली. मग तिने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पण आधी त्या स्टुलावरून उठा, बाई. तुम्ही ओल्या दक्षिण ध्रुवावर बसलात."